अण्णांचं पाचट आणि गुरू-शनीची युती

दुर्बीण मी गुरू-शनीसाठी घेतलेलीच नव्हती. 2020 चा ऑगस्ट, घरात बसून बसून डोकं फिरायची वेळ आलेली, आणि सांगलीच्या एका गृहस्थांनी त्यांची जुनी साडेचार इंची दुर्बीण विकायला काढली. मुलगा परदेशी गेला, आता कोण बघतंय, म्हणाले. साडेआठ हजारांत ठरलं. पण जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागायचा आणि 'दुर्बीण आणायची आहे' हे कारण त्या अर्जात कुठं बसवायचं ते कळेना. 2 सप्टेंबरला पासची भानगड संपली आणि त्याच रविवारी मी मेहुण्याची व्हॅन घेऊन निघालो. येताना नळी मागच्या सीटवर दोन गोधड्यांत गुंडाळून ठेवली होती. तरी रस्त्यानं आपलं काम केलंच.

आमचं घर कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढं, गगनबावडा रस्त्यापासून थोडं आत. मागं परडं आहे. एक शेवगा, दोन नारळ, धुण्याचा दगड, आणि कुंपणापलीकडं शेजारच्या अण्णांचा ऊस. मी नोकरीला शिरोली एमआयडीसीत, एका फौंड्रीत, हिशेबाच्या टेबलावर. म्हणजे घर गावाच्या एका टोकाला आणि पोटापाण्याची जागा दुसऱ्या टोकाला. ही गोष्ट पुढं महागात पडणार होती.

आकाशाचा नाद तसा जुना. पुण्यात शिकत असताना ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या आकाशदर्शनांना जायचो. 1944 पासून चाललेली संस्था, तिथली मंडळी काळोखात उभं राहून तास तास बोलायची आणि आपले पाय गारठलेत हे घरी गेल्यावर कळायचं. त्या काळी मी दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून बघितलं. आपली स्वतःची असणं हा वेगळाच प्रकार आहे, कारण तिचं दुखणंखुपणंही आपलंच.

पहिल्या रात्री शनी लावला तर त्याला शेपूट. कडी वगैरे काही नाही, थुंकी लावून पुसल्यासारखा एक पिवळट डाग. बायको म्हणाली, "अहो, साडेआठ हजारांत हे?" मी गप्प. परावर्तक दुर्बिणीत तळाशी मोठा आरसा असतो आणि तोंडाजवळ एक लहान तिरका आरसा. दोघांची नजरानजर नीट झाली नाही, तर प्रतिमा अशीच फरफटते. हे जुळवायला लेसरची साधनं मिळतात, पण जुनी युक्ती फुकटची आहे. फोटोच्या रिळाची काळी डबी घ्यायची, तिच्या तळाला मधोमध बारीक भोक पाडायचं आणि आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, जागी खुपसून त्या भोकातून बघत मागचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवायचे. आता 2020 साली रिळाची डबी कुठं मिळणार? महाद्वार रोडच्या बाजूला एक जुना फोटो स्टुडिओ आहे, तिथल्या म्हाताऱ्या मालकांनी माळ्यावरून अख्खी पिशवीच काढून दिली. "किती पाहिजेत?" म्हणाले. मी एक घेतली. त्यांनी बळंच चार दिल्या.

दोन संध्याकाळी स्क्रूंशी झटापट केली आणि तिसऱ्या रात्री शनी उभा राहिला. कड्यासकट. कड्याच्या आणि गोळ्याच्या मधली काळी फट दिसली तेव्हा मी बायकोला हाक मारली नाही, आधी पोरीला मारली. ती तेव्हा दहा वर्षांची होती. तिनं बघितलं आणि विचारलं, "आत चित्र चिकटवलंय का?" शनी पहिल्यांदा बघणारा प्रत्येक माणूस हेच विचारतो, पुढं 21 डिसेंबरला मी हे किमान सात वेळा ऐकलं.

युतीची गोष्ट मग ओघानं आली. सप्टेंबरपासून गुरू आणि शनी संध्याकाळी दक्षिणेला जवळजवळ दिसत होते, आणि डिसेंबरात ते आणखी जवळ येणार, 21 ला तर केवळ 6 कलांवर, हे वाचनात आलं. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पौर्णिमेचं बिंब साधारण 30 कलांचं असतं, त्याचा पाचवा हिस्सा. दुर्बिणीच्या एकाच खिडकीत गुरू आणि शनी, हे आयुष्यात एकदा मिळालं तरी पुष्कळ.

गुरू-शनीची भेट तशी दर वीस वर्षांनी होतेच. याचं गणित आपल्या घराघरात आहे, आपण फक्त त्याच्याकडं गणित म्हणून बघत नाही. गुरू एका राशीत साधारण वर्षभर असतो, म्हणून तर बारा वर्षांनी नृसिंहवाडीला कन्यागत, म्हणजे गुरू कन्या राशीत आल्यावरचा पर्वकाळ, येतो. 2016 ला आला तेव्हा गुरू कन्येत होता, चार वर्षांत चार घरं पुढं सरकून 2020 अखेर तो मकरेत पोचला. शनी एका राशीत अडीच वर्षं. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची मिळून तीन राशी, अडीच त्रिक साडेसात, झाली साडेसाती. म्हणजे गुरू वर्षाला 30 अंश चालतो, शनी 12. दरवर्षी गुरू 18 अंशांनी पुढं काढतो. 360 ला 18 नं भागा, वीस. रंकाळ्याला फेऱ्या मारणाऱ्यांत झपाझप चालणारा जसा रमतगमत चालणाऱ्याला ठरावीक वेळानं पुन्हा गाठतो, तसंच. फक्त इथं दोघांच्या वाटा एकमेकींशी थोड्या तिरक्या आहेत, म्हणून गाठतानाही बहुतेक वेळा दोघांत एक-एक अंशाचं अंतर राहतं. खांद्याला खांदा लागून जाणं क्वचित.

किती क्वचित, ते बघितलं तर मौज वाटली. याआधी इतके जवळ आले होते 16 जुलै 1623 ला. गॅलिलिओनं गुरूचे चंद्र शोधून तेरा वर्षं झालेली, दुर्बिणी होत्या. पण ती युती सूर्याच्या फार जवळ, मावळतीच्या उजेडात झाली, त्यामुळं कुणी बघितली असण्याची शक्यता कमीच. नीट दिसेल अशी त्याआधीची म्हणजे थेट 4 मार्च 1226 ची पहाट. ज्ञानेश्वरांचा जन्म व्हायला अजून पन्नास वर्षं होती. कोल्हापूर शिलाहारांकडून यादव सिंघणाकडं गेलेलं होतं, आणि त्या सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता चांगदेव, भास्कराचार्यांचा नातू. त्या पहाटे तो जिवंत होता का, जागा होता का, कोण जाणे. पण असता तर त्यानं आधी आकडेमोड केली असती आणि मगच वर बघितलं असतं, असं आपलं मला वाटतं.

मी आकडेमोड केली ती वेगळी. 21 डिसेंबर, सोमवार. कोल्हापुरात सूर्य सहाच्या थोडं पुढं मावळणार. ग्रह सव्वाआठच्या सुमाराला मावळणार. नीट काळोख पडून दोघे दिसायला लागेपर्यंत साडेसहा, आणि साडेसातनंतर ते इतके खाली की हवेच्या जाड थरातून बघावं लागणार. म्हणजे हातात एक तास. शिरोलीतून साडेपाचला सुटून तावडे हॉटेलचा चौक, मग सगळं गाव ओलांडून फुलेवाडी. परत दिशा पश्चिम-नैर्ऋत्य, जिथं माझा शेवगा आणि त्यामागं अण्णांचा ऊस.

पश्चिमेचं क्षितिज मोकळं हवं, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. किरणोत्सवामुळं आम्हाला त्याची सवय आहे. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीअखेर मावळतीची किरणं महाद्वारातून अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत येतात, एका दिवशी चरण, मग कंबर, मग मुख. आणि दरवर्षी दुसऱ्या दिवशी चर्चा एकच, किरणं कुठपर्यंत पोचली आणि कशामुळं अडली. कुणाचा मजला, कुणाची टाकी, आणि काही नसलं तर धूळ, धूर, ढग. माझ्या परड्यातही हेच प्रकरण, फक्त देवी नाही.

शेवग्याच्या दोन फांद्या मी नोव्हेंबरातच उतरवल्या. बायकोला सांगितलं, शेंगा चांगल्या येतील.

1 डिसेंबरपासून पोरीनं चौकटीची वही केली. रोज संध्याकाळी हात लांब करून करंगळी आडवी धरायची. करंगळीची जाडी म्हणजे साधारण एक अंश. पहिल्या दिवशी दोघांत दोन करंगळ्या. शनी वर, गुरू जवळजवळ त्याच्या बरोबर खाली. वर्तमानपत्रांत आलेल्या चित्रांत दोघे तिरके दाखवले होते, पण ती चित्रं वरच्या अक्षांशांवरची असणार. आपल्याकडं ग्रहांची वाट मावळतीला जवळजवळ उभी उतरते. म्हणून आमच्या वहीत गुरू रोज खालून वर सरकत होता. दिवसाला 6 कला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोरगी म्हणाली, "बाबा, गुरू जिना चढतोय." मी इतकी वर्षं आकाश बघतोय, ग्रह हलतात हे मला पाठ आहे, पण ते हलताना मी त्याआधी कधी बघितले नव्हते. दुसऱ्या दिवशी बघायला यायला पाहिजे ना त्यासाठी.

मी वेळेवर पोचायचो असं नाही. महिनाअखेरीचं काम आटोपून पहिल्या आठवड्यात दोनदा उशीर झाला. तेव्हा पोरीनंच एकटीनं करंगळी धरून नोंद केली. 9 तारखेला दोघे पहिल्यांदा एका खिडकीत आले. माझ्याकडं दोन आयपीस, 25 मिलिमीटरचा आणि 10 चा. नळीची फोकल लांबी, म्हणजे मोठ्या आरशापासून प्रतिमा जुळते तिथवरचं अंतर, 900 मिलिमीटर. तिला आयपीसच्या आकड्यानं भागायचं, म्हणजे पहिल्यानं 36 पट आणि दुसऱ्यानं 90 पट मोठं दिसतं. 36 पटीत आभाळाचा साधारण 80 कलांचा तुकडा मावतो. त्या तुकड्याच्या एका काठाला गुरू, दुसऱ्या काठाला शनी, मधे रिकामी जागा. पोरीनं वहीत गोल काढून दोन टोकांना दोन ठिपके दिले आणि लिहिलं, 'दोघे आले'.

12 ते 14 आभाळ भरून आलं. वहीत तीन पानांवर नुसते ढग.

17 तारखेला गुरुवार होता, मार्गशीर्षातला पहिला. घरात घट बसवलेला, पुरणाचा वास, आणि बाहेर मावळतीला बारीक चंद्रकोर आणि तिच्याजवळ हे दोघे. आरती झाल्यावर शेजारच्या चार-पाच बायका वाण घेऊन निघाल्या होत्या, त्यांना मी परड्यात नेलं. "आज गुरुवार, गुरू बघून जावा." ही माझी त्या महिन्यातली सगळ्यात यशस्वी जाहिरात. तोवर अंतर अर्ध्या अंशाच्या आत आलं होतं, त्यामुळं 90 पटीच्या आयपीसमध्येही दोघे मावले. पलीकडच्या काकूंनी मात्र बघितलं नाही. "नुसता गुरू असला तर बघीन. त्याच्याशेजारी कोण आहे ते माहितीय मला."

खरी अडचण त्याच आठवड्यात कळली. डिसेंबर म्हणजे आमच्याकडं ऊसतोड आणि गुऱ्हाळांचा हंगाम. टोळ्या फड रिकामा करतात, वाडं जनावरांना जातं आणि रानात राहतं पाचट, उसाचा वाळका पाला. ते कुट्टी करून मातीत मिसळावं असं कृषी खातं सांगत असतं, आणि काही लोक करतातही. पण बहुतेक जण संध्याकाळी काडी लावून मोकळे होतात. त्यात गुऱ्हाळांचा धूर. थंडीत हवा खाली दबलेली असते, धूर वर जात नाही, क्षितिजाच्या वर पट्ट्यासारखा तरंगतो. नेमका दहा-वीस अंशांत. 18 ला बालिंग्याच्या बाजूला कुणीतरी मोठा फड पेटवला आणि गुरू तांबडा होऊन धुरात विझला, शनी तर दिसलाच नाही. गुळाला मी नाव ठेवणार नाही, कोल्हापूरचा माणूस आहे. पण त्या दिवशी थोडं ठेवलं.

आणि 19 ला सकाळी बघतो तर आमच्या कुंपणापलीकडं टोळी आलेली. दुपारपर्यंत अण्णांचा ऊस झोपला. क्षितिज एकदम मोकळं! मी नाचायचाच बाकी होतो. मग डोक्यात प्रकाश पडला, ऊस गेला म्हणजे पाचट आलं.

रविवारी सकाळी अण्णांकडं गेलो. ते गोठ्यात होते.

"अण्णा, पाचट कधी पेटवणार?"

"उद्या संध्याकाळी. का?"

"उद्या नको. दोन दिवसांनी पेटवा."

"का? कुणाचं काय हाय उद्या?"

मी सांगितलं. गुरू-शनी, आठशे वर्षं, सगळं. अण्णा शेण काढता काढता ऐकत होते. शनीचं नाव आल्यावर हात थांबला. "माझी कुंभ रास. साडेसाती चालू हाय माझी. जानेवारीपासनं." मी म्हटलं, मग तर बघायलाच पाहिजे, ज्यानं धरलंय तो दिसतो कसा ते. अण्णा थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पाणी सोडायचं हाय मंगळवारी. त्याच्या आत पेटाय पाहिजे. मंगळवारी सकाळी पेटवतो, जावा." पेटवूच नका, कुट्टी करा, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. एका दिवसात माणूस किती मागणार.

सोमवारी अर्धा दिवस रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती'. चार वाजता आभाळ लख्ख. नळी परड्यात बाहेर काढून ठेवली, कारण घरातला ऊबदार आरसा बाहेरच्या हवेला यायला अर्धा-पाऊण तास घेतो, तोवर प्रतिमा उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखी हलते. टीव्हीवर एका वाहिनीवर दोन ग्रहांची 'टक्कर' आणि बारा राशींचं काय होणार ते चाललं होतं, आणि खालच्या पट्टीत बातमी, उद्यापासून महापालिका हद्दीत रात्री अकरानंतर संचारबंदी. टक्कर म्हणावं तर त्या संध्याकाळी गुरू आपल्यापासून 88 कोटी किलोमीटरवर होता आणि शनी 162 कोटींवर. दोघांच्या मधे 70 कोटींहून जास्त. फुलेवाडीतून बघताना दोघे एका रेषेत आले, एवढाच काय तो योग.

साडेसहाच्या आधीच पोरगी ओरडली, "दिसले! दोन दिसतात!" मला एकच दिसत होता. चष्मा पुसून बघितला, तरी थोडा आडवा लांबट असा एकच. बातम्यांत सगळीकडं हेच होतं, दोन ग्रह मिळून एक तारा होणार. माझ्यापुरतं ते खरं ठरत होतं, पोरीपुरतं नाही. तिला मी आदल्या आठवड्यात पहाटे उठवून सप्तर्षीतले वसिष्ठ-अरुंधती दाखवले होते. लग्नात भटजी नवऱ्याला 'अरुंधती दिसली का' विचारतात, तो 'दिसली' म्हणतो आणि बघतो कुठं, मांडवाच्या कापडाकडं. त्या दोघांतलं अंतर 12 कला. आज याच्या निम्मं. चांगल्या डोळ्याला तेवढंही फोडता येतं. अण्णा आले, कुंपणावर हात टेकून नुसतं वर बघितलं आणि म्हणाले, "दोन हायत की. मोठ्याच्या उजव्या अंगाला बारका." सत्तरीचा माणूस. मी दुर्बिणीकडं वळलो.

90 पटीचा आयपीस लावला आणि बघितलं.

काय सांगू. गुरूवर दोन मातकट पट्टे, त्याच्या दोन बाजूंना चंद्रांचे ठिपके दोऱ्यात ओवल्यासारखे एका रेषेत, आणि त्याच काळ्या गोलात, नजर न हलवता, शनी, कड्यासकट, इवलासा. दोघे वेगळे. स्वच्छ वेगळे. तीन आठवडे ज्या दोघांना आम्ही वहीत जवळ आणत होतो ते एक झाले नव्हते, आणि मला इतकं बरं वाटलं की बस्स. एकच तारा बघायचा असता तर दुर्बीण कशाला लागली असती? गुरूकडून येणारा उजेड 49 मिनिटांपूर्वी निघालेला, शनीचा दीड तासापूर्वी. म्हणजे शनीवरून तो निघाला तेव्हा मी इथंच तिपाईचे पाय मातीत रोवत होतो, आणि गुरूवरून निघाला तेव्हा बहुतेक चहा पीत होतो.

मग रांग लागली. मी दहा-बारा लोकांना सांगितलं होतं. त्यांनी पुढं सांगितलं असणार. तीस-पस्तीस माणसं परड्यात, मास्क लावून, धुण्याच्या दगडापासून गल्लीपर्यंत. दुर्बिणीला मोटर नाही, पृथ्वी फिरते तसं दृश्य सरकतं आणि दोन मिनिटांत खिडकीबाहेर जातं, म्हणून दर माणसाला मधे मी नॉब फिरवून ग्रह परत आणायचे. त्यात मास्क. नाकावरून सुटलेला श्वास थेट आयपीसवर, की धुकं. "श्वास धरा, बघा, बाजूला व्हा, मग सोडा." एका दादांनी काळजीपोटी खिशातून सॅनिटायझर काढला आणि आयपीसवर फवारायच्या बेतात होते, माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो गल्लीच्या टोकाला ऐकू गेला असेल. एका पोरानं बघून नुसतं "नाद खुळा" म्हटलं आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. एक बाई दोन मिनिटं बघून म्हणाल्या, छान दिसतं, आणि नंतर कळलं, ग्रह केव्हाच सरकून गेले होते, त्या काळोखच बघत होत्या.

अण्णांची पाळी आली तेव्हा त्यांनी टोपी काढली. बराच वेळ वाकून बघत राहिले. रांगेतली पोरं चुळबुळायला लागली.

"हाच का?"

"हाच. कडंवाला."

"एवढासा?" थोड्या वेळानं, "दिसाय तर देखणा हाय." आणि टोपी घालून बाजूला झाले. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आपल्या कापलेल्या रानातून तसेच घरी गेले.

काकू त्या दिवशीही आल्या, साडीचा पदर नाकावर धरून, रांगेच्या बाहेर उभ्या. "मला नुसता गुरू दाखव हो."

"काकू, दोघे एकाच खिडकीत आहेत. आज त्यांना वेगळं काढता येत नाही."

"शनीच्या नजरेला नजर द्यायची नसते. देवळातसुद्धा आम्ही समोर उभं राहत नाही."

यावर काय बोलणार? मी म्हटलं, दोन दिवस थांबा.

साडेसातनंतर प्रतिमा थरथरायला लागली, कडी पसरली, गुरूचे पट्टे पुसले. नेमकं जवळ येण्याची वेळ रात्री बाराच्या सुमाराची, पण तोवर दोघे आपल्याकडून मावळलेले. त्याचं काही वाटलं नाही. आठला रांग संपली तेव्हा परड्यातल्या मेथीच्या वाफ्यावरून चाळीस माणसं चालून गेली होती, हे बायकोनं बॅटरी मारून दाखवलं.

मंगळवारी सकाळी कामावर निघताना अण्णांच्या रानातून धूर उठत होता. संध्याकाळपर्यंत विरला. वहीत त्या दिवशी गुरू एक पायरी वर, शनी खाली.

23 ला काकू आल्या. परड्यात कुणीच नव्हतं, बातमी जुनी झाली होती. मी 10 च्या आयपीसमागं दुप्पट करणारी बार्लो लेन्स लावली. इतक्या खाली असलेल्या ग्रहाला एरवी मी ती लावत नाही, प्रतिमा मऊ पडते. पण तिच्यातून आभाळाचा तुकडा लहान, 16-17 कलांचाच दिसतो. गुरू बरोबर मधे धरला तर काठापर्यंत आठच कला, आणि शनी आता 12 कलांवर गेलेला. खिडकीत एकटा गुरू.

काकूंनी आधी हात जोडले, मग डोळा लावला. पट्टे दिसले का विचारलं, तर हो म्हणाल्या. चंद्र मोजले, बोटांवर. मी मधे मधे नॉब फिरवत होतो, त्या सरळ झाल्याच नाहीत.

मग डोळा तसाच ठेवून म्हणाल्या, "तो कुठल्या अंगाला आहे?"

"खाली. जरा उजवीकडं."

"लांब आहे?"

"नाही. थोडं सरकवलं की येईल."

काकू काही बोलल्या नाहीत. वाकूनच उभ्या होत्या. मी नॉब हळूहळू फिरवायला लागलो.